सी प्रोग्राममध्ये -व्ही, -एन असे छोटे ऑप्शन कसे वाचायचे

माझ्याकडे सी शिकायला येणाऱ्या मुलांचा एक टप्पा ठरलेला असतो. प्रोग्राम चालतोय, पण फाइलचं नाव कोडमध्येच लिहिलंय, किती ओळी छापायच्या तो आकडाही कोडमध्येच, मग दहाच्या वीस करायच्या तर फाइल उघडा, बदला, परत कंपाइल करा. मग कुणीतरी सांगतं की मेनला आर्गसी (कमांडमध्ये शब्द किती) आणि आर्गव्ही (ते शब्द) मिळतात, त्यातून घे ना. आणि तिथून सुरू होतं स्ट्रसीएमपीचं (दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का बघणाऱ्या फंक्शनचं) रान, पहिला शब्द "-व्ही" आहे का, नसेल तर "-एन" आहे का, असेल तर पुढचा शब्द आकडा समजायचा, आय एकने वाढवायचा, पुढचा शब्दच नसेल तर काय याचा विचार नंतर.

हाताने लिहिलेलं ते लूप पहिल्या दिवशी चालतं, त्यात काही वाद नाही. पण टर्मिनलवर बसणाऱ्याच्या बोटांना वेगळीच सवय असते. एलएस -एल -ए लिहिलं काय किंवा एलएस -एलए लिहिलं काय, एकच. हेड -एन ५ आणि हेड -एन५ एकच. ही सवय त्याला रोजच्या शेकडो कमांडनी लावलीय आणि तुमचा प्रोग्राम त्या सवयीप्रमाणे वागला नाही तर तो बिचारा मॅन्युअल उघडून बसणार नाही, त्याला वाटेल प्रोग्रामच बिघडलाय. स्ट्रसीएमपीवाल्या लूपमध्ये -व्हीएन५ हा एक शब्द आला की सगळं कोसळतं. म्हणून मी पहिल्यापासूनच गेटऑप्ट हे ऑप्शन वाचून देणारं तयार फंक्शन शिकवते, आणि खाली तेच सगळं सविस्तर लिहितेय, कारण हे फंक्शन वापरायला दहा मिनिटं लागतात पण त्याचे कोपरे कळायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली.

एक गोष्ट आधीच सांगते. कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहितेय. टाइप करताना ती रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची, म्हणजे गेटऑप्ट म्हणजे जी ई टी ओ पी टी. आकडेही कोडमध्ये अर्थातच इंग्रजी. (या आकड्यांवरून पुढे एक महत्त्वाचा मुद्दा येणारच आहे.)

गेटऑप्ट आजचं नाही. युनिक्स बनवणाऱ्या एटी अँड टीने त्याचा सोर्स १९८५ साली डॅलसच्या युनिफोरम परिषदेत सगळ्यांसाठी खुला केला आणि तेव्हापासून ते जिथेतिथे पोचलं. पॉझिक्सने (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचं स्टँडर्ड) पुढे कमांडचे ऑप्शन कसे असावेत याचे १४ नियम लिहून ठेवले, ऑप्शनचं नाव एकाच अक्षराचं किंवा एका अंकाचं असावं, ज्यांना पुढे काही माहिती लागत नाही असे ऑप्शन एका डॅशमागे जोडून लिहिता यावेत, दोन डॅश आले की ऑप्शन संपले समजावं, वगैरे. गेटऑप्ट हे नियम तुमच्यासाठी पाळतं.

उदाहरण म्हणून एक छोटा प्रोग्राम घेऊ, नाव ओळी. फाइलच्या पहिल्या काही ओळी छापायच्या एवढंच काम. -एन ला आकडा लागतो, किती ओळी. -ओ ला फाइलचं नाव लागतं, निकाल कुठे लिहायचा. -व्ही म्हणजे काय चाललंय ते बोलत राहा. -एच म्हणजे मदत. उरलेले शब्द म्हणजे वाचायच्या फाइली.

सुरुवात: हेडर आणि ऑप्शनची यादी

गेटऑप्ट हवं तर युनिस्टडी डॉट एच हे हेडर लागतं. इथेच पुष्कळ जण अडकतात, कारण कॉलेजच्या सवयीने कंपाइल करताना -एसटीडी=सी९९ दिलेलं असतं आणि लिनक्सवर मग ऑप्टआर्ग घोषितच केलेलं नाही अशी एरर येते, हेडर तर टाकलंय, मग हे काय म्हणून डोकं खाजवत बसतात. कारण साधं आहे, गेटऑप्ट सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये नाही, ते पॉझिक्समध्ये आहे, आणि तुम्ही कंपायलरला सांगितलंत की मला शुद्ध सी हवंय, म्हणून हेडरने ते लपवलं. फाइलच्या अगदी वर, सगळ्या इनक्लूडच्या आधी, अंडरस्कोअर पॉझिक्स अंडरस्कोअर सी अंडरस्कोअर सोर्स हा मॅक्रो (सगळं कॅपिटलमध्ये) २००८०९एल असा डिफाइन करा, किंवा -एसटीडी=जीएनयू९९ वापरा. मी पहिला उपाय करते, कारण मग कुणीही कुठल्याही फ्लॅगने कंपाइल केलं तरी चालतं.

आता ऑप्शनची यादी. ही एक साधी स्ट्रिंग असते, प्रत्येक ऑप्शनचं अक्षर एकापुढे एक, आणि ज्या अक्षराला सोबत काही लागतं त्याच्या लगेच मागोमाग कोलन. आपल्या प्रोग्रामसाठी:

":एचव्हीएन:ओ:"

म्हणजे कोलन, एच, व्ही, एन, कोलन, ओ, कोलन. एच आणि व्ही एकटे, एन आणि ओ ला काहीतरी हवं. सगळ्यात सुरुवातीचा तो एकटा कोलन मुद्दाम आहे, तो का ते चुकांबद्दल बोलताना सांगते, आत्ता फक्त विसरू नका.

लूप असं:

इंट ऑप्ट;
व्हाइल ((ऑप्ट = गेटऑप्ट(आर्गसी, आर्गव्ही, ":एचव्हीएन:ओ:")) != -१)

आणि आत ऑप्टवर स्विच. प्रत्येक वेळी बोलावलं की गेटऑप्ट पुढच्या ऑप्शनचं अक्षर हातात देतं, त्याला जोडलेली माहिती असेल तर ती ऑप्टआर्ग या ग्लोबल पॉइंटरमध्ये ठेवतं, आणि ऑप्शन संपले की -१ देतं. स्विचमध्ये प्रत्येक केसनंतर ब्रेक, हे सांगायची गरज नसावी पण सांगते, कारण -व्ही च्या केसमध्ये ब्रेक राहिला तर कोड घसरत पुढच्या -एन च्या केसमध्ये जातो आणि तिथे ऑप्टआर्ग नल असतो, आणि मग सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम मध्येच कोसळतो.

इंटच का, कॅर का नाही

हा भाग नीट वाचा, कारण यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्यात. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची पातळी नोंदवायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, लॅपटॉपवर आठवडाभर वापरला, एकदम व्यवस्थित. मग तो एआरएम प्रोसेसरच्या छोट्या लिनक्स बोर्डवर कंपाइल केला आणि तिथे काहीही केलं तरी तो वापरायची माहिती छापून बाहेर पडायचा. बरोबर ऑप्शन दिले तरी तेच, एकही ऑप्शन न देता चालवला तरी तेच. मी वायरिंग बघितलं, मेमरी कार्ड बदललं, सगळं परत इन्स्टॉल केलं. शेवटी स्विचच्या डिफॉल्टमध्ये ऑप्टची किंमत छापली तर आकडा आला २५५.

मी इंट ऑप्ट च्या जागी कॅर ऑप्ट लिहिलं होतं. अक्षर येणार म्हणून कॅर, असा सरळ विचार. पण साधा कॅर साइन्ड की अनसाइन्ड हे सी स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर तो साइन्ड असतो, म्हणून -१ हा -१ च राहतो. एआरएमवरच्या लिनक्सवर तो अनसाइन्ड असतो, तिथे -१ साठवला की होतो २५५, आणि २५५ कधीच -१ च्या बरोबर होत नाही. लूप थांबतच नाही, स्विच डिफॉल्टला जातो, डिफॉल्ट यूसेज (वापरायची माहिती) छापून बाहेर. माझ्या डिफॉल्टमध्ये एक्झिट होतं म्हणून निदान थांबला तरी, नसतं तर बोर्ड रात्रभर स्क्रीनवर तेच तेच छापत बसला असता.

तुमच्याकडे असा बोर्ड नसेल तरी ही चूक पकडता येते, जीसीसीला -एफअनसाइन्ड-कॅर हा फ्लॅग देऊन कंपाइल करा, लॅपटॉपवरच कॅर अनसाइन्ड होतो. मी आता प्रत्येक नवा प्रोग्राम एकदा तरी असा चालवून बघते.

आत नक्की काय होतं

समजा कुणी लिहिलं:

ओळी -व्हीएन ५ -ओ निकाल.टीएक्सटी नावं.टीएक्सटी

आर्गसी झाला ६, कारण शून्य नंबरला प्रोग्रामचं नाव, एक नंबरला -व्हीएन, दोनला ५, तीनला -ओ, चारला निकालाची फाइल, पाचला नावांची. आणि ऑप्टइंड नावाचा एक ग्लोबल इंट आहे, पुढे कुठला शब्द बघायचा ते तो सांगतो, सुरुवातीला १.

पहिल्या हाकेला गेटऑप्ट व्ही देतं, पण ऑप्टइंड १ वरच राहतो, कारण त्याच शब्दात अजून एन शिल्लक आहे. शब्दात कुठवर आलोय हे गेटऑप्ट स्वतःच्या आत लक्षात ठेवतं, ते आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या हाकेला एन. त्याला माहिती हवी, पण शब्द तर संपला, मग पुढचा अख्खा शब्द म्हणजे ५ ऑप्टआर्गमध्ये, आणि ऑप्टइंड ३. (कुणी -व्हीएन५ लिहिलं असतं तर त्याच शब्दातला उरलेला ५ घेतला असता, आणि ऑप्टइंड २ झाला असता.) तिसऱ्या हाकेला ओ, ऑप्टआर्ग म्हणजे निकाल.टीएक्सटी, ऑप्टइंड ५. चौथ्या हाकेला समोर नावं.टीएक्सटी, त्याला डॅश नाही, ऑप्शन संपले, -१. ऑप्टइंड ५ वर उभा, म्हणजे आपल्या फाइली तिथून सुरू. हे एकदा कागदावर पेनने करून बघा, नाहीतर लूपमध्ये प्रिंटएफ टाकून ऑप्टइंड छापत जा.

ऑप्टआर्ग ही नवी प्रत नसते, तो आर्गव्हीमधल्याच मूळ स्ट्रिंगवर बोट ठेवतो. म्हणून त्याला फ्री करायचं नाही, आणि प्रत काढायचीही बहुतेक वेळा गरज नाही, कारण आर्गव्ही प्रोग्राम संपेपर्यंत जिवंत असतो. पण ऑप्टआर्ग हा पॉइंटर मात्र पुढच्या हाकेला बदलतो, म्हणून -ओ च्या केसमध्ये तो तुमच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून घ्या.

आणि फक्त ठेवूनच घ्या, फाइल तिथे उघडू नका. हे मी प्रत्येकाला सांगते. लूपमध्ये काम करायचं नाही, फक्त ऐकून घ्यायचं. शिकणाऱ्या एका मुलाने -ओ च्या केसमध्येच एफओपन केलं होतं, डब्ल्यू मोडमध्ये, आणि कमांड दिली -ओ निकाल -एन पाच. निकालाची फाइल उघडली, म्हणजे डब्ल्यूमुळे आधीचं सगळं पुसलं गेलं, मग -एन पाशी "पाच" हा काही आकडा नाही म्हणून प्रोग्राम एरर देऊन बाहेर. आदल्या दिवशीचा निकाल गेला, आणि नवा तर आलाच नाही. लूप पूर्ण होऊ द्या, सगळं तपासा, सगळं बरोबर आहे याची खात्री झाली की मगच जगातल्या कशाला हात लावा. तसंच -एच ला सोडून कुठल्याही ऑप्शनला लूपमधून बाहेर पडू नये, आणि एकच ऑप्शन दोनदा आला तर शेवटचा खरा धरायचा, ही लोकांची सर्वसाधारण अपेक्षा असते. -व्ही ला मात्र मी फ्लॅग न ठेवता मोजत जाते, -व्हीव्ही दिलं की दुप्पट बडबड, हे खूप सोयीचं पडतं.

आकडा वाचताना एटूआय नको

-एन मधून आलेली चीज म्हणजे स्ट्रिंग, तिचा आकडा करायचा. सगळी पुस्तकं इथे एटूआय वापरतात आणि मला त्याचा खरंच त्रास होतो, कारण एटूआयला चूक सांगताच येत नाही. "पाच" दिलं तरी शून्य, "०" दिलं तरी शून्य. आता ही कमांड बघा, अगदी रोज होणारी चूक आहे:

ओळी -एन नावं.टीएक्सटी

माणूस आकडा लिहायला विसरला. गेटऑप्टला काही कळत नाही, त्याला एन नंतर एक शब्द हवा होता, तो मिळाला, फाइलचं नाव त्याने ऑप्टआर्गमध्ये टाकलं. एटूआय त्याचा शून्य करणार, वाचायला फाइल उरली नाही, आणि प्रोग्राम शून्य ओळी छापून गुपचूप बाहेर पडणार. एरर नाही, काही नाही. माणूस विचार करत बसणार की फाइल रिकामी आहे का.

त्याऐवजी स्ट्रिंगचा आकडा करणारं स्ट्रटोल वापरा. आधी एररनो (चुकीचा कोड जिथे येतो तो व्हेरिएबल) शून्य करा, मग स्ट्रटोलला ऑप्टआर्ग, एका एंड पॉइंटरचा पत्ता आणि बेस १० द्या. नंतर तपासायचं: एंड जिथे सुरुवात केली तिथेच असेल तर एकही अंक सापडला नाही. एंडपाशी शून्य बाइट नसेल तर आकड्याच्या मागे कचरा आहे, जसं ५एबीसी. एररनोमध्ये ईरेंज (कॅपिटलमध्ये) असेल तर आकडा मावला नाही. आणि मग तुमची स्वतःची मर्यादा, एकापेक्षा कमी ओळी चालणार नाहीत. लाँगमधून इंटमध्ये टाकणार असाल तर इंट_मॅक्सपेक्षा (हेही कॅपिटलमध्ये) मोठा नाही ना तेही बघा, कारण ६४ बिटी लिनक्सवर लाँग इंटपेक्षा मोठा असतो. हे सगळं एका वेगळ्या फंक्शनमध्ये टाका, प्रत्येक प्रोग्रामला तेच लागतं.

बेसच्या जागी ० देऊ नका. ० दिला की शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल (आठच्या पायाचा) समजला जातो, ०१० दिलं तर ८ ओळी येतात. ०८ दिलं तर ० वर थांबतो कारण ऑक्टलमध्ये ८ नसतो.

निगेटिव्ह आकड्याचं मात्र लोक उगाच घाबरतात. -एन -५ लिहिलं तर गेटऑप्ट -५ ला वेगळा ऑप्शन समजत नाही, एन ला शब्द हवा होता म्हणून तोच देतं. पण याच कारणाने -एन -व्ही लिहिलं तर -व्ही सुद्धा एन च्या पोटात जातं, आणि ते पकडायला परत स्ट्रटोलच उपयोगी.

मराठी कीबोर्डवाल्यांसाठी

हा मुद्दा परदेशी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही, पण आपल्याकडे रोजचा आहे. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि -एन पुढे देवनागरी ५ पडला तर? गेटऑप्ट ऑप्टआर्गमध्ये जसाच्या तसा देतं, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अंक तीन बाइटचा असतो, स्ट्रटोलला त्यात एकही अंक ओळखू येत नाही, एंड सुरुवातीलाच उभा. तुम्ही वर सांगितल्यासारखं तपासलंत तर नीट एरर येईल. एटूआय असेल तर शून्य. मी तर माझ्या ऑफिसातल्या लोकांसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये आधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घेते, दहा ओळींचं काम आहे आणि लोकांना बरं वाटतं.

उलट, ऑप्शनचं अक्षरच मराठी ठेवायचं, -ओ च्या जागी खरंखुरं देवनागरी अक्षर, ते मात्र गेटऑप्टने जमत नाही. ते एकेक बाइट बघतं, म्हणून एका मराठी अक्षराचे त्याला तीन अनोळखी ऑप्शन दिसतात आणि लागोपाठ तीन एरर येतात.

आणि डॅश! कमांड एखाद्या वर्ड प्रोसेसरच्या डॉक्युमेंटमधून कॉपी केली की साध्या डॅशचा आपोआप लांब डॅश झालेला असतो. डोळ्याला जवळपास सारखाच दिसतो, पण तोही तीन बाइटचा वेगळाच कॅरेक्टर. गेटऑप्टला तो ऑप्शन वाटतच नाही, तो शब्द फाइल म्हणून पुढे जातो आणि एरर येते की अशी फाइल नाही. कुणी मला अशी एरर पाठवली की मी पहिल्यांदा विचारते, कमांड टाइप केलीस की पेस्ट केलीस.

चुका सांगायच्या कशा

आता यादीच्या सुरुवातीच्या त्या कोलनची गोष्ट. तो नसेल तर गेटऑप्ट स्वतःच एरर छापतं, इंग्रजीत, आणि चूक कुठलीही असो, तुमच्या हातात प्रश्नचिन्ह देतं. अनोळखी ऑप्शनलाही प्रश्नचिन्ह, एन चा आकडा राहिला तरी प्रश्नचिन्ह. यादीच्या सुरुवातीला कोलन टाकला की दोन गोष्टी होतात: गेटऑप्ट स्वतः गप्प बसतं, आणि माहिती राहिली असेल तर प्रश्नचिन्हाऐवजी कोलन देतं. कुठल्या अक्षरापाशी अडलं ते ऑप्टऑप्ट या व्हेरिएबलमध्ये मिळतं. म्हणजे स्विचमध्ये कोलनची केस आणि प्रश्नचिन्हाची केस वेगळ्या लिहून तुम्ही मराठीत सांगू शकता की "-एन ला आकडा लागतो, उदाहरणार्थ -एन ५", आणि दुसरीकडे "-झेड नावाचा ऑप्शन नाही". नुसतं "चुकीचा वापर" छापणारे प्रोग्राम मला आवडत नाहीत, समोरच्याला काय चुकलं हे सांगायला एक ओळ जास्त लागते फक्त.

ऑप्टऑप्ट छापताना तो छापण्यासारखा आहे का ते इजप्रिंटने बघा (आधी अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करून), नसेल तर हेक्समध्ये छापा, नाहीतर वर म्हटलेल्या मराठी अक्षराचे तुटके बाइट स्क्रीनवर येतात.

यूसेज छापायचं फंक्शन एकच ठेवा पण त्याला कुठे छापायचं ते सांगा. माणसाने स्वतः -एच मागितलं तर ते त्याला हवं असलेलं उत्तर आहे, स्टँडर्ड आउटपुटवर छापा आणि शून्याने बाहेर पडा, म्हणजे त्याला ते पाइप करून लेसमध्ये वाचता येतं. चुकीमुळे छापताय तर स्टँडर्ड एररवर, आणि शून्य सोडून दुसरा कोड. मी २ देते, जीएनयूचे ग्रेप आणि एलएस चुकीच्या ऑप्शनला तेच देतात.

लूपनंतर

-१ आल्यावर ऑप्टइंडपासून आर्गसीपर्यंत जे शब्द उरले त्या तुमच्या फाइली. ऑप्टइंड आर्गसीएवढाच असेल तर फाइल दिलेली नाही, मग स्टँडर्ड इनपुट वाचा. एखादा शब्द नुसता एकटा डॅश असेल तर गेटऑप्ट त्याला ऑप्शन धरत नाही, तो फाइलींमध्येच येतो, आणि रिवाजाप्रमाणे त्याचा अर्थ स्टँडर्ड इनपुट, पण ते तुम्हाला स्वतः तपासावं लागतं, एफओपनला डॅश दिला तर तो डॅश नावाची फाइल शोधेल.

दोन डॅश मात्र गेटऑप्ट स्वतः खातं. ज्या फाइलचं नावच डॅशने सुरू होतं तिच्यासाठी हे आहे. समजा -यादी नावाची फाइल चुकून तयार झाली, तर ओळी -- -यादी, किंवा पुढे डॉट स्लॅश लावून ओळी ./-यादी. शेल स्क्रिप्टमधून तुमचा प्रोग्राम बोलवताना फाइलचं नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर त्याच्या आधी दोन डॅश टाकायची सवय लावाच, त्या व्हेरिएबलमध्ये उद्या काय येईल सांगता येत नाही.

अजून एक फरक, जो एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर गेल्यावरच कळतो. लिनक्सवरची नेहमीची ग्लिबसी लायब्ररी आर्गव्हीमधले शब्द मागेपुढे करते, म्हणजे ओळी नावं.टीएक्सटी -एन ५ लिहिलं तरी ती -एन ५ पुढे आणून वाचते आणि फाइल शेवटी ढकलते. पॉझिक्सचा नियम मात्र पहिला बिनडॅशचा शब्द आला की थांबायचं. मॅकवर आणि अल्पाइन लिनक्सच्या मसल लायब्ररीत तसंच होतं, तिथे त्याच कमांडला -एन आणि ५ या नावाच्या दोन फाइली शोधल्या जातात. म्हणून तुमच्या यूसेजमध्ये ऑप्शन आधी आणि फाइली नंतर असंच लिहा. ग्लिबसीलाही कडक वागायला लावायचं असेल तर यादीच्या अगदी सुरुवातीला अधिक चिन्ह द्या, कोलनच्याही आधी, किंवा पॉझिक्सली_करेक्ट (कॅपिटलमध्ये) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करून चालवून बघा. तुमचा प्रोग्राम पुढे दुसरी कमांड चालवणारा असेल, टाइम किंवा एन्व्ह सारखा, तर हे अधिक चिन्ह लागतंच, नाहीतर त्या दुसऱ्या कमांडचे ऑप्शन तुमचाच प्रोग्राम गिळून बसेल.

ग्लिबसीमध्ये यादीत अक्षराच्या मागोमाग दोन कोलन दिले की माहिती ऐच्छिक होते, पण मग ती चिकटूनच लिहावी लागते, -ओनिकाल चालतं आणि -ओ निकाल लिहिलं तर ऑप्टआर्ग नल येतो आणि निकाल वाचायची फाइल समजली जाते. पॉझिक्सच्या नियमांतही ऐच्छिक माहिती नको असंच म्हटलंय. मी वापरत नाही. लांब ऑप्शन हवेत तर गेटऑप्ट_लाँग आहे, वेगळं हेडर गेटऑप्ट डॉट एच, पण छोट्या ऑप्शनची यादी त्यालाही अशीच द्यावी लागते, म्हणून हे शिकलेलं वाया जात नाही. आणि एकाच प्रोग्राममध्ये दुसरी यादी पहिल्यापासून वाचायची असेल तर ऑप्टइंड परत १ करावा लागतो, मॅकवर त्यासोबत ऑप्टरीसेटही १ करावा लागतो.

तपासायचं कसं

प्रोग्राम झाला की मी एक छोटं शेल स्क्रिप्ट लिहून ठेवते आणि त्यात याच कमांड एकामागून एक देते: -एन ५, -एन५, -व्हीएन५, -एन -व्ही, शेवटी एकटा -एन, -एन पुढे रिकामे डबल कोट, -एन पुढे वीस अंकी आकडा, ०१०, ५एबीसी, देवनागरी ५, अनोळखी -झेड, एकटा डॅश, दोन डॅशनंतर -यादी, आणि काहीच न देता (तेव्हा इनपुटला इको पाइप करते, नाहीतर ते कीबोर्डची वाट बघत बसतं). प्रत्येकीनंतर डॉलर प्रश्नचिन्ह छापून एक्झिट कोड बघायचा, चुकीच्या कमांडला २ आला पाहिजे आणि बरोबरला ०. निकालाच्या फाइलमध्ये आधी काहीतरी लिहून ठेवायचं आणि चुकीच्या कमांडनंतर ते तसंच आहे ना बघायचं. मग -एफअनसाइन्ड-कॅर लावून परत कंपाइल करून तेच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवायचं, दोन्ही वेळचं आउटपुट फाइलमध्ये ठेवून डिफने तुलना करायची. डिफने काहीच छापलं नाही की प्रोग्राम दुसऱ्याच्या हातात द्यायला हरकत नाही.